टाचांचे ठसे

माझ्या केरसुणीचा मला फार माज होता. खोटं कशाला बोलू? आमच्या बुसोगा मुलखात बाईची पत तिच्या अंगणावरून ठरते, आणि आमच्या नऊ घरांच्या वस्तीत माझ्यासारखं अंगण कुणाचं नव्हतं. कोंबडा आरवायच्या आधी मी कमरेत वाकलेली असायचे. उजाडेपर्यंत मातीवर अशा रेघा उमटलेल्या असायच्या, की कोंबडीनंही पाय टाकताना विचार करावा.

अंगणाच्या पलीकडच्या टोकाला सासऱ्यांचं घर. बालिकोवा त्यांचं नाव. माझा नवरा वारला तरी मी माहेरी गेले नाही, मुलीला घेऊन तिथंच राहिले, कारण मामंजींना दुसरं कोण होतं? धाकटे दीर वांबुझी जिंजा शहरात. आणि मामंजी म्हणजे काही साधा म्हातारा नव्हे. एम्बायरे वाजवणारा माणूस! जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर केळीची खोडं टाकायची, खोडांवर लाकडाच्या जाडजूड पट्ट्या मांडायच्या, आणि सहा-सात जणांनी दोन्ही बाजूंना बसून काठ्यांनी ठोकायचं. त्या सहा-सात जणांत पहिली काठी मामंजींची. ते वाजवायला लागले की दलदलीपलीकडच्या गावात बायका चुलीवरचं विसरायच्या, असं म्हणतात. मी स्वतः एकदा भुईमुगाची आमटी करपवलेली आहे.

पण आता पाच वर्षं झाली, त्या काठ्या आढ्याला टांगलेल्या होत्या. मामंजींच्या पायांत पिसवा होत्या. साध्या पिसवा नव्हेत. मातीतली ही पिसू नखाखाली, बोटांच्या बेचक्यात, तळव्यात शिरते, तिथंच फुगते, अंडी घालते. खाज सुटते, मग जखम, मग पू. मामंजींना बोटं टेकवता येईनात. ते टाचांवर चालायचे, बदकासारखे हेलकावे खात, घरापासून फणसाच्या झाडापर्यंत. फणसाखाली बसायचे आणि संध्याकाळी तसेच परत. त्यांच्यामागं अंगणात नुसत्या टाचांचे ठसे राहायचे, एकापुढं एक गोल खळगे. सकाळी मी ते झाडून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लोक काय म्हणायचे ते सांगायलाच नको. कुणी म्हणे, शाप आहे. कुणी म्हणे, म्हातारा अंघोळ करत नाही. आणि माझं काळीज जळायचं, कारण मी करणार काय? आमच्यात सुनेनं सासऱ्याला हात लावायचा नाही. त्याच्या चटईवर बसायचं नाही, तो घरात असताना उंबरा ओलांडायचा नाही, त्याची झोपायची खोली तर बघायचीसुद्धा नाही. लांबून गुडघे टेकायचे आणि विचारायचं, ‘मामंजी, कसे आहात?’ ते म्हणायचे, ‘आहे बाई, आहे.’ त्या पायांतली एक पिसू काढायची माझी ताकद नव्हती. ते काम माझी नांगोबी करायची, बारा वर्षांची पोर, काट्यानं. मग मला उरलं काय? केरसुणी! मामंजी फणसाखाली जाऊन बसले, की मी त्यांच्या ओसरीत शिरायचे आणि ती मातीची जमीन अशी खसाखसा झाडायचे, अशी झाडायचे, की धुळीचे लोट दारातून बाहेर पडायचे. आतली खोली नांगोबी झाडायची, मी शिकवलं होतं तशीच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. जी सेवा हातांनी करता येत नव्हती, ती मी केरसुणीनं करत होते.

औषधवाले चार वेळा येऊन गेले. जांभळ्या पाण्यात पाय बुडवायचे, तेल लावायचे, महिन्याभरात पाय माणसात यायचे. दोन महिन्यांनी पुन्हा टाचा.

शेवटी मका पेरायच्या दिवसांत वांबुझी भावोजी आले. बापाच्या पायांशी उकिडवे बसून त्यांनी एकेक बोट बघितलं. मग म्हणाले, “बाबा, आता पुरे. मका काढून झाला, की मी गाडी घेऊन येतो. तुम्ही जिंजाला चलायचं. माझ्या खोलीत सिमेंटची जमीन आहे.”

“सिमेंटवर एम्बायरे कुठं मांडू रे?” मामंजी म्हणाले. “खड्डा कुठं खणू? तुझ्या खाटेखाली?”

“पाच वर्षांत एकदा तरी वाजवलंत का?”

भावोजी माझ्याकडं वळले. “वहिनी, बाबा गेले की हे घर पाडून टाका. ह्यात काही राहिलेलं नाही.”

मला राग आला तो त्यांचा नव्हे, त्यांचं खरं होतं त्याचा. मामंजी मान फिरवून फणसाकडं बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. नांगोबीला म्हणाले, “पोरी, मला जिंजाला नेतायत ते मरायलाच नेतायत. तिथं मातीसुद्धा ओळखीची नसेल.” मका वितीएवढा झाला होता. तीन महिने हातात.

आणि ह्यात नायगागा आली.

नायगागा धान्याच्या कणग्या लिंपायची. गावोगाव फिरायची, काळीकभिन्न, काटक, हातांना सदा शेणमातीचा वास, आणि बोलणं असं की समोरच्याच्या नाकाला मिरच्याच झोंबाव्यात. माझी कणगी लिंपायला आली होती. दोन दिवस कणगीवर हात फिरवता फिरवता ती माझं झाडणं बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “कागोये, तुझं त्या जमिनीशी काही वैर आहे का?”

“का गं?”

“एवढं बडवतेस म्हणून विचारलं.”

“माझं घर स्वच्छ असतं,” मी म्हटलं. “तुझं कसं असतं, मला माहीत नाही. तू घरी असतेसच कुठं?”

हसली मेली. खाली उतरली, माझ्या स्वयंपाकघरातली पांढरी ताटली न विचारता उचलली आणि मी दाराबाहेर लोटलेल्या केरातली मूठभर धूळ तिच्यावर पसरली. ताटली उन्हात ठेवली. “ये. बस. बघ.”

मी बसले. आधी काही दिसेना. मग एक कण उडाला. मग दुसरा. मग इथून, तिथून, धूळ आपली टुणटुण उड्या मारायला लागली.

“पिसवेला काय लागतं, ठाऊक आहे?” नायगागा म्हणाली. “कोरडी, भुसभुशीत माती. अंडी त्यातच पडतात, किडे त्यातच वाढतात. आणि भुसभुशीत माती कोण करतं? तू कोरडी केरसुणी मारतेस, वरचा थर उकरतेस, आज थोडा, उद्या थोडा. तुझ्या सासऱ्याची ओसरी एवढी खोल कशी झाली गं? तू झाडून झाडून खोल केलीस. रात्री शेळ्या कुठं बांधतेस?”

“मामंजींच्या ओसरीत,” मी म्हटलं, “चोरांच्या भयानं.”

“म्हणजे पाळणाही तूच बांधलास आणि जेवणही तूच वाढलंस.”

“आणि ते औषधवाले? ते जांभळं पाणी?”

“आजार म्हशीला आणि औषध पखालीला! पायाला औषध लावायचं आणि पाय परत त्याच मातीत ठेवायचा. बाई, दुखणं पायाला नाही, दुखणं जमिनीला आहे. उंदीर लागला तर आपण धान्याला औषध देतो का? कणगी लिंपतो.”

मी उठले आणि घराच्या मागं जाऊन रडले. पाच वर्षं! मला वाटत होतं मी सेवा करतेय. करायला गेले एक आणि झालं भलतंच. परत आले तर नायगागा पुन्हा कणगीवर चढून मुकाट्यानं लिंपत होती. तिनं ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा चेहरासुद्धा केला नाही. त्या क्षणापासून ती मला आवडायला लागली. हे मी तिला कधी सांगितलं नाही, एरवी डोक्यावर बसली असती.

“जमीन करून देशील?” मी खालून विचारलं.

“मी करून देणार नाही. तुम्ही सगळ्यांनी करायची, मी दाखवीन. एकाच घराची करून उपयोग नाही, पिसू काय शेजार बघते? पण सुरुवात म्हाताऱ्याच्या घरापासून. आणि त्याला वारुळाची माती लागेल, पुष्कळ. चिकट असते, दगडासारखी धरते.”

इथं माझी खरी परीक्षा होती. वस्तीत वारुळं होती, पण जो तो आपल्या वारुळाला नवऱ्यापेक्षा जपतो. पावसाळ्यात त्यातून पंखवाल्या मुंग्या निघतात, त्या भाजून खाल्ल्या की माणूस सगळी दुःखं विसरतो. सगळ्यांत मोठं वारूळ माझं होतं, नवऱ्यानं दाखवून दिलेलं. मी कुदळ घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. दुसऱ्या कुणी घातला असता तर मी त्याचं डोकं फोडलं असतं.

पण मामंजी अडून बसले. “माझ्या घरात कुदळ घालायची नाही,” ते फणसाखालून ओरडले. “जिवंत माणसाच्या घरात खणतात का? घरात खणलेला खड्डा मालकाला मागतो. हे माझ्या आजानं सांगितलंय.”

मी लांबून गुडघे टेकून गप्प. सासऱ्याशी वाद कोण घालणार? नायगागा सरळ त्यांच्या समोर जाऊन उकिडवी बसली.

“बाबा, एम्बायरे मांडताना खड्डा कोण खणतं?”

“मी.”

“किती खणले असतील आजवर?”

“मोजलेत का कुणी!”

“आणि त्यातल्या एकानं तरी तुम्हाला मागितलं?”

मामंजी म्हणाले, “ते वेगळं. तो गाण्याचा खड्डा.”

“मग हाही गाण्याचाच. त्यात पट्ट्यांऐवजी तुमचे पाय मांडायचेत, एवढंच.”

मामंजी किती तरी दिवसांनी हसले. “बुसोगातल्या सगळ्या मधमाश्या हिच्या जिभेवर बसल्यात,” ते नांगोबीला म्हणाले. “खणा. पण मी इथंच बसणार, हलणार नाही.”

शेळ्यांसाठी बाहेर गोठा बांधला. मामंजींची खाट पडवीच्या बाहेर आणली. वस्तीतल्या आठ बायका आल्या, काही मदतीला, काही माझी फजिती बघायला. वीतभर जुनी माती उपसून लांब नेऊन, पाला घालून जाळली. खाली खडी, वर वारुळाची माती, शेण आणि राख कालवलेली. मग चोपण्या घेऊन आम्ही ओळीनं उभ्या राहिलो आणि धोपटायला लागलो. ते धोपटणं कसलं, बाजार होता तो! एकीची चोपणी वर, दुसरीची खाली, तिसरीची गप्पांत. नायगागा ओरडून ओरडून थकली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टक्-टक्... टाक. टक्-टक्... टाक. मामंजी काठीनं फणसाच्या मुळावर ठोकत होते.

“कान फुटलेत का तुमचे?” ते ओरडले. “एकीनं टक् म्हणा, दुसरीनं टाक! मधली जागा रिकामी ठेवू नका!”

पाच वर्षांनी म्हाताऱ्यानं ताल धरला होता. आम्ही त्या तालात शिरलो. आणि मग काय सांगू, हात दुखायचे थांबले. दुपार सरली तरी कुणी खाली बसेना. मध्येच मामंजी हाक मारत, “दाराच्या डावीकडं पोकळ वाजतंय, तिथं पुन्हा!” आम्ही तिथं पाहावं तर खरोखर माती सैल. “कोपऱ्यात कोण आहे? तिला भाकरी द्या कुणीतरी!” बाहेर बसून, भिंतीआडून, नुसत्या आवाजावर. नायगागानं चोपणी खाली ठेवली आणि कानांना हात लावले. म्हणाली, “तीस वर्षं मी हातानं जमीन ओळखतेय. हा माणूस कानानं ओळखतो.”

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी वाळायला सोडली. आणि पाचव्या दिवशी मी काय केलं असेल? जित्याची खोड! पहाटे उठले, झोपेतच होते म्हणा, केरसुणी घेतली, सासऱ्यांच्या ओसरीत गेले आणि अर्ध्या ओल्या जमिनीवर खराखरा चार हात मारले. चौथ्या हाताला जाग आली. जमिनीवर हे एवढाले ओरखडे!

नायगागानं बघितलं. मला वाटलं आता माझे वाभाडे काढील. तिनं माझ्या हातातून केरसुणी घेतली, बाहेर गेली आणि ती भिरकावून कणगीच्या छपरावर टाकली. “उतरवलीस तर याद राख,” एवढंच म्हणाली. मग पाण्याचा हात घेऊन गुडघ्यांवर बसली आणि ओरखडे भरायला लागली. मीही बसले. दिवसभर दोघी घासत होतो, आधी हातानं, मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं. तिचे गुडघे सोलले, पण ती उठली नाही. जमीन आपली नाही, घर आपलं नाही, म्हातारा नात्याचा नाही, आणि ही बाई बोटभर जागेसाठी तिथंच पुन्हा पुन्हा गोटा फिरवतेय! अशी माणसं देव मोजकीच घडवतो.

जमीन वाळली तेव्हा मामंजींनी नांगोबीला आढ्यावरच्या काठ्यांतली एक उतरवायला सांगितली. टाचांवर हेलकावत ते दारापर्यंत आले. मी भिंतीमागं सरकले, नियम तो नियम. आतून काठी जमिनीवर ठोकल्याचा आवाज येत होता. ठक्. चार पावलं. ठक्. पुन्हा थोडी पावलं. मग ते म्हणाले, “नायगागे, ही वाजते गं.”

एक कोंबडी आणि टोपलीभर रताळी घेऊन नायगागा निघाली. जाताना बजावून गेली: रोज पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, आठवड्याला शेणाचा हात, शेळी आत नाही म्हणजे नाही. उरलेल्या घरांना माती लागली तेव्हा सगळ्यांनी आपापली वारुळं फोडली. माझं फुटलेलं बघितल्यावर कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते? अंगण मात्र माझ्याकडून सुटेना. केरसुणीवाचून हात शिवशिवायचे. शेवटी मी तांब्या घेतला आणि झाडायच्या ऐवजी शिंपडायला लागले.

औषधवाले पाचव्यांदा आले. पाय बुडवले, तेल लावलं, गेले. महिना झाला, जखमा भरल्या. हे तर दर वेळी होतच होतं. मी दिवस मोजायला लागले. मका कणसाला आला. दुसरा महिना संपला. मी रोज लांबून गुडघे टेकायचे आणि विचारायचे, ‘मामंजी, कसे आहात?’ ‘आहे बाई, आहे.’ ह्यातून काय कळणार, कपाळ? पायांकडं बघायची सोय नाही. नांगोबीला विचारलं तर म्हणायची, “आई, आजोबा म्हणतात, बोलायचं नाही. बोललं की पिसवा ऐकतात.”

मका काढून झाला. शब्दाचे पक्के वांबुझी भावोजी सकाळी सकाळी गाडी घेऊन हजर. मागं गादीसुद्धा टाकून आणली होती, बापाला झोपवून न्यायला. मी पहाटेच अंगण शिंपडलं होतं आणि मग चुलीवर आमटी चढवून तिथंच बसले होते. त्यांनी मामंजींच्या दारात जाऊन हाक मारली. उत्तर नाही. फणसाखाली बघितलं. नाहीत. आत गेले आणि लगेच बाहेर आले.

“वहिनी, बाबा कुठायत? आणि ही जमीन कुणी...” ते थांबले. “आढ्यावरच्या काठ्या कुठायत?”

माझं लक्ष तेव्हा अंगणाकडं गेलं. शिंपडलेल्या ओल्या मातीवर, मामंजींच्या दारापासून निघून, फणसाला वळसा न घालता, सरळ दलदलीपलीकडच्या गावाच्या वाटेकडं, ठसे गेले होते. भावोजी तरातरा त्या दिशेनं निघाले.

“भावोजी, बाजूनं!” मी एवढ्या जोरात ओरडले की ते एका पायावर थांबले. “त्यावर पाय देऊ नका!”

मी खाली वाकले. टाच होती. मधला भाग होता. आणि पुढं बोटं होती, पाचही, अंगठ्याची जागा सगळ्यांत खोल, दाबून, नेट देऊन टाकलेली. दुसऱ्या पायाची करंगळी नीट उमटली नव्हती, तिचं नख कायमचं गेलंय. बाकी नऊ. मी दोनदा मोजली.

चौदा वर्षं मी त्या घरची सून आहे. त्या पायांना मी कधी हात लावला नाही, लावणारही नाही. पण ठशाला हात लावू नये, असं आमच्यात कुणी सांगितलेलं नाही. मी तळवा उघडून त्या बोटांवर ठेवला. माती अजून गार होती.

दलदलीपलीकडून एम्बायरेचा आवाज आला. आधी एकच काठी, अडखळत. मग बाकीच्या तिच्यामागं आल्या. वांबुझी भावोजी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. चुलीवर आमटी होती, ती करपली.